सांदण दरी

मौजे साम्रद, तालुका अकोले, या भंडारदऱ्याच्या जलाशयानजीकच्या गावाच्या शिवारातून निघून सह्याद्रीचा कणा चिरीत कोकणाच्या बाजूस शहापूर तालुक्याच्या सरहद्दीकडे उतरणारी ही अरुंद घळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांत पावसाच्या पाण्याने, पाषाणातील भेगांचा आश्रय घेत, युगानुयुगे केलेले खोदकाम होय. दोन्ही अंगांचे काळे कातळ काही ठिकाणी 200 फुटांहून उंच, आणि मधली वाट कोठे कोठे इतकी चिंचोळी की हात पसरले असता दोन्ही भिंतींस बोटे लागावीत. आरंभीच गार पाण्याचे डोह ओलांडावे लागतात; पुढे घरांएवढ्या शिळांवरून चढउतार, आणि त्यानंतर मात्र दोराखेरीज गत्यंतर नाही. तेथे वाटाड्या साम्रदचाच असावा. पाण्याचा अंदाज त्याच्याइतका अन्य कोणास नसतो.

पावसाळ्यात हा मार्ग सर्वथा वर्ज्य मानावा, कारण माथ्यावर कोसळलेल्या सरीचा लोंढा अल्पावधीत घळ भरून टाकतो आणि त्या उभ्या कड्यांमधून बाहेर पडावयास जागाच उरत नाही. हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे.