शब्द देण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की व्यापारी घरांत नव्या वह्यांची लगबग सुरू होते. अलीकडे काही घरांत त्याच सुमारास आणखी एका तारखेची चिंता असते : १ नोव्हेंबर. अमेरिकेतील अनेक नामांकित विद्यापीठांच्या पहिल्या फेरीच्या प्रवेशअर्जाची ती अखेरची तारीख.

माझ्या परिचयातील एक कापड व्यापारी आपल्या बारावीतील कन्येस घेऊन अशाच दिवसांत माझ्याकडे आले. मी ३४ वर्षे बँकेत कर्जप्रकरणे पाहिली, म्हणून सल्ल्याची अपेक्षा. वडिलांची इच्छा फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलची. १८८१ साली स्थापन झालेली ही संस्था व्यापारशिक्षणात जगन्मान्य आहे. कन्येचा ओढा मात्र न्यू जर्सीतील प्रिन्स्टनकडे, गणित व अर्थशास्त्रासाठी. तेथे व्यापारशिक्षणाची स्वतंत्र शाखाच नाही. “साहेब, जिथे धंदा शिकवत नाहीत, तिथे इतके पैसे घालून उपयोग काय? शिवाय पेनला पहिल्या फेरीत प्रवेशाची शक्यता जास्त, असे सगळे सांगतात,” असा वडिलांचा सवाल.

मी त्यांना प्रथम दोन अर्जांतील भेद सांगितला. पेनची पद्धत ‘अर्ली डिसिजन’ची. विद्यार्थी, पालक व शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या स्वाक्षऱ्या होतात. डिसेंबरच्या मध्यास प्रवेश मिळाला, तर तो स्वीकारावा लागतो आणि अन्य सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. मिळालेल्या साहाय्यात शिक्षण परवडत नसेल, तरच सुटका मागता येते. थोडक्यात, हा विसार देऊन पक्का केलेला सौदा होय. प्रिन्स्टनची पद्धत ‘सिंगल-चॉइस अर्ली अ‍ॅक्शन’ची. पहिल्या फेरीत अमेरिकेतील अन्य खासगी विद्यापीठांत अर्ज करता येत नाही. परंतु निवड झाल्यावर होकार देण्यास १ मेपर्यंत अवधी असतो.

पहिल्या फेरीतील प्रवेशाचे प्रमाण अधिक दिसते, हे खरे. मात्र त्या आकड्यात आधीच निवडलेले खेळाडूही असतात. बांधील अर्जाचा लाभ सधनांनाच अधिक होतो, हा आक्षेपही जुना आहे. खर्चाची तुलना न करता शब्द देणे त्यांनाच परवडते. याच विचाराने हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आपली पहिली फेरी बंद करण्याचे जाहीर केले व २०११ मध्ये ती पुन्हा आणली.

मग मी कागद पुढे ओढला. दोन्हीकडे राहण्या-जेवणासह वार्षिक खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तरी वर्षाचे ७२ लाख. चार वर्षांचे सुमारे २ कोटी ८९ लाख. रुपया एका रुपयाने घसरला की वर्षाला ८५ हजारांची भर. साहाय्य मागितल्यास पेन भारतीय विद्यार्थ्याच्या निवडीत ती गरज विचारात घेते. प्रिन्स्टन घेत नाही, आणि २००१ पासून तेथे साहाय्य कर्जरूपाने नव्हे, तर अनुदानरूपाने दिले जाते.

शेवटी मी कन्येस विचारले, “बाळ, दोन्हींची होकारपत्रे समोर ठेवली, तर कोणते उचलशील?” तिने आधी वडिलांकडे पाहिले. मग हलकेच म्हणाली, “प्रिन्स्टन.” शेठजी बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “तर मग पेनला आधी शब्द देणे म्हणजे खोटा शब्द झाला.”

अर्ज प्रिन्स्टनला गेला. डिसेंबरात निर्णय लांबणीवर पडला, मार्चअखेरीस नकार आला. दुसऱ्या फेरीत पेनकडूनही नकारच आला. आज ती अमेरिकेतीलच दुसऱ्या एका विद्यापीठात गणित शिकते आहे. मला अपराधी वाटले व तसे मी बोलूनही दाखविले. शेठजी म्हणाले, “साहेब, सौदा झाला नाही, पण पोरगी मनाविरुद्ध कुठे बांधली गेली नाही.”

यंदा ज्यांच्या घरी असा अर्ज भरला जात असेल, त्यांनी स्वाक्षरीपूर्वी दोनच गोष्टी पाहाव्यात : सर्व दारे खुली असती तरी मुलाने हेच दार निवडले असते काय, आणि चार वर्षांचा हिशेब साहाय्याविना जुळतो काय. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर निःशंकपणे शब्द द्यावा. एकाचे जरी ‘नाही’ असेल, तर बंधन नसलेला मार्ग धरावा.