गल्ल्यावरचा चौकोन

पुण्याच्या तुळशीबागेतील ज्या गाळ्यांत एके काळी रोजकीर्दीच्या वहीतच दिवसाचा जमाखर्च मिटत असे, तेथे आता क्यूआर कोडाचा चौकोन टांगलेला असतो. आणि २०१६ साली आरंभ झालेल्या यूपीआयवर, बँकखात्यातून थेट होणाऱ्या भरण्यापुरती, १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यास दस्तुरी माफ असल्याने समोरासमोरच्या विक्रीस तो पुरेसा आहे. संकेतस्थळावरून माल विकणाऱ्यास मात्र पेमेंट गेटवेचा आश्रय करावा लागतो, आणि तेथे शेकडा २ हा दर ऐकून निश्चिंत होण्यापूर्वी, दहा हजार रुपयांवर १८ टक्के जीएसटीसह २३६ रुपये वजा होतात हे ध्यानी घ्यावे, आणि रक्कम कोणत्या दिवशी जमा होते, माल परत आल्यास शुल्क परत मिळते काय, हे करारनाम्यात पाहावे. (गल्ल्यावर जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या बोलक्या पेटीचे भाडे निराळे, ते विचारल्यावाचून क्वचितच कोणी सांगतो.)