दरारा टोळीचा, बेत कपकेकचा

गँगस्टर रॅपच्या विडंबनात ‘लेझी संडे’चे नाव आधी घ्यायला हवे. १७ डिसेंबर २००५ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी कार्यक्रमात ही दोन-अडीच मिनिटांची फीत दाखवली गेली. विनोदी कलाकार अँडी सॅमबर्ग आणि ख्रिस पार्नेल थेट कॅमेऱ्यावर चाल करून येतात, हातवारे करतात, कुणाचा तरी काटा काढायला निघाल्यासारखे ओरडतात. बेत काय, तर बेकरीतून कपकेक घ्यायचे आणि ‘नार्निया’ चित्रपटाचा खेळ गाठायचा. वाद होतो तोही रस्ता कोणत्या संकेतस्थळावर शोधावा यावरून! दोघेही क्षणभरसुद्धा हसत नाहीत. सगळी जादू तिथे आहे आणि म्हणूनच ती आजही शिळी वाटत नाही.

यूट्यूबला तेव्हा वर्षही झाले नव्हते. प्रेक्षकांनीच फीत तिथे चढवली आणि ती वाऱ्यासारखी पसरली. फेब्रुवारी २००६ मध्ये एनबीसी वाहिनीने ती काढायला लावली.

विडंबनाचा हा प्रकार यूट्यूबहून जुना. रॅपर कूलिओच्या ‘गँगस्टाज पॅरडाइज’ गाण्याचे (१९९५) विडंबनकार ‘वियर्ड अल’ यान्कोविकने १९९६ मध्ये ‘आमिश पॅरडाइज’ केले. साध्या राहणीच्या आमिश शेतकऱ्याच्या अंगात गुंडाचा रुबाब भरला. कूलिओ आधी चिडला. आपले चुकले, हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केले.

कोयता नाचवून केलेल्या रील्सशी मात्र या विडंबनाची गल्लत नको. तिथे शस्त्र खरे असते आणि अशा रील्सवरून पुणे, पिंपरी-चिंचवड पोलिसांनी गुन्हेही दाखल केले आहेत.