दुहेरी वैद्यकीय सेवा आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्था

शासकीय सेवेत पगारी असलेल्या डॉक्टरने कामाच्या वेळेबाहेर, आणि पुष्कळदा कामाच्या वेळेतही, खाजगी व्यवसाय करणे यास दुहेरी सेवा असे म्हणता येईल. या प्रश्नाकडे सामान्यतः नीतिमत्तेच्या दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यामागील आर्थिक प्रेरणा आणि रुग्णावर होणारा परिणाम यांचा विचार केला आहे.

प्रश्न जुना आहे. भोर समितीने १९४६ च्या अहवालात पूर्णवेळ पगारी डॉक्टरांना खाजगी व्यवसायाची मुभा नसावी अशी शिफारस केली होती. ब्रिटनमध्ये मात्र १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करताना अन्यूरिन बेव्हन यांना तज्ज्ञ डॉक्टरांचा विरोध शमविण्यासाठी हीच मुभा द्यावी लागली. भारतात आजही एकवाक्यता नाही. केंद्रीय सेवेत बंदीच्या मोबदल्यात व्यवसायरोध भत्ता दिला जातो. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ पासून, तो मूळ वेतनाच्या २० टक्के आहे. केरळने २००९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या खाजगी व्यवसायावर बंदी घातली, परंतु आरोग्य विभागातील डॉक्टरांना ड्यूटीच्या वेळेबाहेर निवासस्थानी रुग्ण तपासण्यास परवानगी ठेवली.

दुष्परिणाम नेमका कोठे होतो? शासकीय रुग्णालयात वेतन ठरलेले असते. खाजगी दवाखान्यात प्रत्येक रुग्णामागे उत्पन्न वाढते. त्यामुळे श्रम, वेळ आणि पैसे देऊ शकणारा रुग्ण हे तिन्ही एकाच दिशेने सरकू लागतात. रुग्णालयातील रांग लांबणे हे अशा डॉक्टरच्या फायद्याचेच ठरते.

हा केवळ तर्क नव्हे. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित व्यक्तींना हृदयविकार, दमा आणि घरी असलेल्या बालकाचा आमांश अशा ठराविक तक्रारी देऊन डॉक्टरांकडे पाठविण्यात आले. त्यातील महत्त्वाचा भाग असा की, एकाच डॉक्टरकडे त्याच्या शासकीय केंद्रात आणि खाजगी दवाखान्यात, दोन्हीकडे असे ‘रुग्ण’ गेले. खाजगी दवाखान्यात त्याने अधिक वेळ दिला, अधिक प्रश्न विचारले आणि योग्य उपचाराचे प्रमाणही अधिक आढळले. ज्ञान तेच, माणूसही तोच. बदलली ती फक्त जागा. मात्र अनावश्यक औषधे देण्याबाबत खाजगी दवाखानाही मागे नव्हता, ही गोष्ट खाजगीकरणाच्या समर्थकांनी विसरू नये.

मग सरसकट बंदी हाच उपाय का नाही? कारण बंदीची अंमलबजावणी करणारी यंत्रणा नसेल तर व्यवसाय थांबत नाही, दवाखान्यावरील पाटीवर पत्नीचे नाव येते, इतकेच. शिवाय शल्यविशारद किंवा भूलतज्ज्ञ यांच्यासाठी बाहेरील उत्पन्न आणि शासकीय वेतन यांतील तफावत इतकी मोठी असते की, कडक बंदीने ते सेवाच सोडण्याचा संभव असतो. तालुक्याच्या गावी एकच भूलतज्ज्ञ असेल, तर त्याच्या जाण्याने सिझेरियन शस्त्रक्रियाच बंद पडते आणि प्रसूत होणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. दुहेरी सेवेची मुभा म्हणजे अशा ठिकाणी शासनाने न दिलेल्या वेतनाची भरपाईच होय, आणि ती भरपाई रुग्णाच्या खिशातून होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते बंदी की मुभा, यापेक्षा शासकीय केंद्रातील कामाचे मोजमाप कसे होते हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. बायोमेट्रिक यंत्र डॉक्टर आला हे नोंदविते. त्याने रुग्णाला कोणते प्रश्न विचारले, हे त्यात कोठेच नोंदले जात नाही.