चित्तप्रसाद : जाळूनही उरलेली चित्रे

१९४३ च्या नोव्हेंबरमध्ये अठ्ठावीस वर्षांचा एक चित्रकार बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यात गावोगाव फिरत होता. जवळ कागद आणि शाई. रस्त्याकडेला पडलेली माणसे, ओस पडलेली घरे, कोल्ह्याकुत्र्यांनी ओढलेले सांगाडे तो काढत होता. नुसते काढत नव्हता, माणूस बोलण्याच्या स्थितीत असेल तर त्याचे नाव, गाव, घरात किती होते आणि किती उरले हेही विचारून लिहून घेत होता. त्या दौऱ्यातून ‘हंग्री बेंगॉल’ ही इंग्रजी पुस्तिका तयार झाली. इंग्रज सरकारने तिच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. चित्रकाराच्या घरच्यांनी एक प्रत बँकेच्या तिजोरीत जपून ठेवली. तिच्यावरून २०११ मध्ये दिल्लीत ती पुस्तिका हुबेहूब पुन्हा छापली गेली आणि चित्तप्रसाद हे नाव नव्या पिढीला कळले.

या माणसाचे अर्धे आयुष्य मुंबईत, अंधेरीत गेले. तरीही मराठी वाचकाला तो जवळजवळ अनोळखी आहे. आपल्याकडे व्यंगचित्रकार म्हटले की वर्तमानपत्राची चौकट आठवते आणि चित्रकार म्हटले की कलादालनाची भिंत. चित्तप्रसाद या दोन्हींच्या मधला होता. तो चित्रे रंगवायचा, सत्तेची आणि पैशाची रेवडी उडवणारी व्यंगचित्रे काढायचा आणि लिनोलियमवर कोरून छापाचित्रे करायचा. या तिन्ही गोष्टी त्याने एकाच कामासाठी वापरल्या, म्हणून तो मला फार मोठा वाटतो. रेखाटनात त्याने भुकेला माणूस दाखवला, व्यंगचित्रात त्या भुकेला जबाबदार असलेला माणूस दाखवला आणि छापाचित्रातून दोघांनाही लोकांच्या घरापर्यंत नेले.

जन्म १९१५ चा, नैहाटीचा. वडील सरकारी नोकरीत, आई कविता करणारी. शिक्षणाची महत्त्वाची वर्षे चितगावात गेली. १९३० मध्ये क्रांतिकारक सूर्य सेन आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रागारावर छापा घातला, तेच हे चितगाव. तिथल्या तरुणांना राजकारणापासून लांब राहणे अवघड होते. चित्तप्रसाद कॉलेजात असतानाच शेतकरी चळवळीत ओढला गेला आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात आला. भट्टाचार्य हे आडनाव त्याने टाकून दिले, कारण त्यातून ब्राह्मण जात कळत होती. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नाही. गावातले मूर्तिकार आणि कळसूत्री बाहुल्या नाचवणारे यांच्याकडे बघून तो शिकला. पुढे त्याच्या लिनोलियमवरच्या छापाचित्रांत, म्हणजे लिनोकटमध्ये, जी ठसठशीत, भरीव माणसे दिसतात, त्यांचे मूळ मला या मातीकामात दिसते.

बंगालचा दुष्काळ पाऊस न पडल्यामुळे आला, असा अनेकांचा समज असतो. तसे नव्हते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. जपानी फौज बंगालमध्ये उतरलीच तर तिला काही मिळू नये म्हणून सरकारने किनारी भागातला तांदूळ हलवला आणि होड्या जप्त केल्या. ज्या मुलखात होडीशिवाय बाजार गाठता येत नाही, तिथे होडीच काढून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धाच्या खर्चाने भाव भडकले, सावकार आणि व्यापाऱ्यांनी साठे केले आणि शेतमजुराची मजुरी होती तिथेच राहिली. बळींचा आकडा वीस ते तीस लाखांच्या दरम्यान सांगितला जातो. त्या वेळी नऊ वर्षांचा असलेला एक मुलगा हे सारे बघत होता. त्या मुलाने, म्हणजे अमर्त्य सेन यांनी, १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडले की धान्य अजिबात नव्हते म्हणून नव्हे, तर ते विकत घेण्याची ऐपत उरली नाही म्हणून ही माणसे मेली. चित्तप्रसादच्या व्यंगचित्रांत हीच गोष्ट जवळजवळ चार दशके आधी आली होती. त्यांत पोट सुटलेला साठेबाज आहे, काळ्या बाजाराचा धनी आहे, गोरा साहेब आहे आणि त्यांच्या पायाशी काडीसारखी माणसे आहेत.

सरकारचे म्हणणे होते की दुष्काळ असा काही नाहीच. अधिकृतपणे तो कधी जाहीरही झाला नाही. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ने ऑगस्ट १९४३ मध्ये प्रेतांची छायाचित्रे छापली तेव्हा खळबळ उडाली. अशा वेळी खेड्यात जाऊन नावानिशी माणसे टिपणारी पुस्तिका सरकारला का खुपली असेल, हे सहज समजते.

कम्युनिस्ट पक्षाचे मुख्य कार्यालय तेव्हा मुंबईत खेतवाडीत होते. सरचिटणीस पूरनचंद जोशी. कलावंतांना बरोबर घेतल्याशिवाय चळवळ लोकांच्या मनात उतरत नाही, असे मानणारा हा माणूस. त्यांनी छायाचित्रकार सुनील जाना आणि चित्रकार चित्तप्रसाद या दोघांनाही पक्षाच्या पत्रांत भरपूर जागा दिली. इंग्रजीत ‘पीपल्स वॉर’ निघे, मराठीत ‘लोकयुद्ध’. अण्णाभाऊ साठे ‘लोकयुद्ध’साठी लिहीत. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा गिरणगावच्या चाळीत डफ वाजत होता आणि त्याच चळवळीसाठी चित्तप्रसाद चित्रे काढत होता. मे १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’ या लोकनाट्य संघाचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्हही त्याचेच. नाट्यस्पर्धांच्या पत्रकांवर ते आपण पाहिलेले असते, पण ते कोणाच्या हातचे आहे हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

आता थोडे मागे, लंडनला जाऊ. व्यंग, रंग आणि कोरीवकाम एकत्र आणणाऱ्या चित्रकारांच्या परंपरेत विल्यम होगार्थचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. तो १६९७ मध्ये जन्मला. वडील लॅटिनचे शिक्षक. कर्ज फिटले नाही म्हणून त्यांना तुरुंगात जावे लागले, आणि ते दिवस मुलाच्या मनातून कधी गेले नाहीत. होगार्थ चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारी करत वाढला. पुढे तो तैलचित्रे रंगवू लागला, पण त्याचे नाव घरोघर गेले ते त्या चित्रांवरून तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या छाप्यांमुळे. खेड्यातून शहरात आलेली मुलगी वेश्याव्यवसायात कशी ढकलली जाते, ही त्याची सहा चित्रांची मालिका १७३२ मध्ये छापली गेली आणि लगेच तिच्या चोरट्या नकला बाजारात आल्या. तेव्हा होगार्थने संसदेकडे धाव घेतली. १७३५ मध्ये कोरीवकाम करणाऱ्यांना आपल्या चित्रांवर चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा झाला. बापाचे पैसे उधळणाऱ्या तरुणाची आठ चित्रांची पुढची मालिका त्याने हा कायदा लागू होईपर्यंत विक्रीला काढलीच नाही. आज चित्रकाराला आपल्या चित्रावर जो कायदेशीर हक्क मिळतो, त्याच्या इतिहासातला हा एक मोठा टप्पा आहे.

१७५१ मध्ये त्याने ‘जिन लेन’ छापले. स्वस्त दारूने उद्ध्वस्त झालेली लंडनची गल्ली, पायऱ्यांवर नशेत बसलेली आई आणि तिच्या हातून खाली पडत असलेले मूल. किंमत एक शिलिंग. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. एकट्या चित्रामुळे कायदा झाला असे कोणी म्हणणार नाही, पण त्या मागणीच्या मोहिमेत हे चित्र होते. प्राण्यांवरच्या क्रौर्याची त्याची मालिका तर गरिबांपर्यंत पोचावी म्हणून आणखी स्वस्त लाकडी ठशांत काढण्याचा प्रयत्नही त्याने केला. आणि त्याची मूळ तैलचित्रे? श्रीमंती विवाहाची खिल्ली उडवणारी सहा चित्रे १७५१ च्या लिलावात अवघ्या १२० गिनींना गेली. छाप्यांनी मात्र त्याला पैसा दिला, स्वातंत्र्य दिले आणि कोणा उमरावाच्या दारात उभे राहण्यापासून वाचवले.

चित्तप्रसादकडे होगार्थचा तांब्याचा पत्रा नव्हता, छापखाना नव्हता आणि विकत घेणारा मध्यमवर्गही नव्हता. त्याने लिनोलियम निवडले. जवसाचे तेल आणि बुचाचा भुगा तागाच्या कापडावर थापून केलेली ही चादर मुळात जमिनीवर अंथरायची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ती निघाली आणि पुढे चित्रकारांच्या लक्षात आले की लाकडापेक्षा ती मऊ आहे, तिला रेषा नाहीत, हत्यार कोणत्याही दिशेने चालते. चित्र त्यावर उलटे काढायचे. जे पांढरे हवे ते कोरून काढायचे, जे काळे हवे ते ठेवायचे. रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि यंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीने घासायचे. कागद उचलला की चित्र सुलटे उमटते. एकदा कोरलेले परत भरता येत नाही, म्हणून हात घालण्याआधी पूर्ण विचार लागतो. एका ठशातून कित्येक प्रती निघतात आणि सगळ्या अस्सल असतात.

चित्तप्रसादच्या लिनोकटमध्ये काळा रंग दाट, जड असतो आणि त्यातून पांढऱ्या रेषा झळकतात. नांगर धरलेले हात, मुलाला पोटाशी धरलेली आई, मुठी वळलेले कामगार, शांतता चळवळीतली कबुतरे. राग आहे, पण माणसाची अवहेलना कुठेच नाही. व्यंगचित्रात तो ज्यांचे शरीर विद्रूप करतो ते सगळे सत्तेत किंवा पैशात असलेले. गरिबाला त्याने कधी हास्यास्पद केले नाही. हा भेद त्याने आयुष्यभर पाळला आणि व्यंग हाताळणाऱ्या कोणालाही तो शिकण्यासारखा आहे.

त्याच काळात मुंबईत आणखी एक घडामोड चालू होती. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप स्थापन केला. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास मुख्यतः त्यांच्याभोवती लिहिला गेला, त्यांची चित्रे पुढे कोटींना गेली. त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. पण त्याच शहरात अंधेरीतल्या एका खोलीत बसून, स्वस्त कागदावर, अनेकांच्या हातात जावे म्हणून चित्र छापणारा माणूस त्या इतिहासात फार उशिरा आला, हा अन्याय आहे.

१९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे धोरण बदलले, जोशींना पद सोडावे लागले, बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. चित्तप्रसाद हळूहळू पक्षापासून दूर झाला. विचार त्याने सोडला नाही, पण आधार गेला. पुढची तीस वर्षे तो अंधेरीत बरीचशी एकाकी आणि तंगीत जगला. पुस्तकांची सजावट, मिळेल ते काम. याच काळात, १९५२ मध्ये, त्याने ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ ही लिनोकटांची मालिका केली. ज्या मुलांना परीकथा मिळाल्याच नाहीत त्यांची ही चित्रे. बूटपॉलिश करणारी, ओझी वाहणारी, धाकट्या भावंडाला सांभाळणारी, फूटपाथवर झोपणारी मुले. युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीने ती १९६९ मध्ये पुस्तकरूपात काढली. वस्तीतल्या मुलांसाठी त्याने ‘खेलाघर’ नावाचे बाहुलीनाट्यही उभे केले. झेक बाहुलीकार फ्रांटिशेक सालाबा यांच्या मैत्रीतून ते आले होते. झेक दिग्दर्शक पावेल होबल यांनी १९७२ मध्ये ‘कन्फेशन’ हा माहितीपट त्याच्यावर केला. प्रागला त्याची चित्रे जपली जात होती तेव्हा मुंबईत त्याची ओळख मोजक्या मित्रांपुरती होती. १९७८ मध्ये कलकत्त्यात तो वारला.

त्याचा प्रभाव शोधायचा तर सोमनाथ होर यांच्यापासून सुरुवात करावी. चितगावातल्या या तरुणाला, रस्त्यावरच्या आणि रुग्णालयातल्या भुकेल्यांना समोर बसून काढ, असे चित्तप्रसादने शिकवले. होर पुढे शांतिनिकेतनात छापाचित्रकलेचे मोठे शिक्षक झाले. त्यांच्या ‘वूंड्स’ मालिकेत पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर जखमांसारखे वण उमटतात, त्यात १९४३ ची ओळख आहे. २०१७ मध्ये ‘डॉक्युमेंटा’ या जागतिक कलाप्रदर्शनात चित्तप्रसादची चित्रे मांडली गेली.

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात बसून हे लिहिताना बंगाल मला दूरचा वाटत नाही. या पट्ट्यात १९७२ चा दुष्काळ सोसलेली माणसे अजून आहेत. मिलो ज्वारी, सुकडीचा खाऊ, खडी फोडण्याची कामे हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत. तेव्हा जायकवाडी धरणाचे काम चालू होते, त्याचा नाथसागर जलाशय भरायचा होता. पाऊस सलग हुकला होता, तरी दुष्काळी कामे निघाली, मजुरी हातात पडली, म्हणून माणसे जगली. बंगालमध्ये ते झाले नाही. दुष्काळात किती माणसे मरतील हे आभाळापेक्षा राज्यकर्त्यांवर जास्त अवलंबून असते, हे या दोन दुष्काळांवरून दिसते, आणि चित्तप्रसादचे सगळे काम हेच सांगत होते.

आपल्या भागातल्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सगळे होतेच. त्याच्या जोडीला मोठ्या वर्गातल्या मुलांना हातभर लिनोलियम, एक कोरणी आणि काळी शाई द्या. कोरताना दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे राहील, एवढे आधी नीट शिकवा. विषय बाहेरून आणू नका. पाण्याचा टँकर, बंद पडलेला कारखाना, कापसाचा भाव, ऊसतोडीला गेलेले आईवडील हे त्यांना माहीत आहे. त्यातले उत्तम छापे शाळेच्या भिंतीवर ठेवू नका, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि उरलेल्या प्रती गावात वाटा.