तिसरा डोस आधी कुणाला?

कोविड लशीचे दोन डोस झालेत, आता तिसरा कशाला? २०२२ मध्ये महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर हा प्रश्न रास्तच होता. १० एप्रिलपासून अठरा वर्षांवरील सर्वांना हा तिसरा डोस, म्हणजे बूस्टर, खुला झाला. पण साठीखालच्या बहुतेकांना तो खासगी रुग्णालयात, पैसे मोजूनच मिळे. १५ जुलैपासून ७५ दिवस तो सरकारी केंद्रांवर मोफत झाला. दुसऱ्या डोसनंतरचे अंतरही नऊ महिन्यांवरून सहावर आले होते. मुदत आली ती भर पावसात. घाटाकडच्या वाडीवरून म्हाताऱ्या माणसाला खाली आणणे सोपे नसते. तरीही आणायलाच हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

लशीने तयार झालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात. स्मरणपेशी टिकतात, म्हणून गंभीर आजारापासून बरेच संरक्षण उरते. पण उतारवयात, किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही लवकर कमी पडते. शिवाय विषाणूचा ओमायक्रॉन हा प्रकार जुन्या प्रतिपिंडांना बराच चकवत होता. बूस्टरने संसर्ग हमखास टळत नाही, रुग्णालयात दाखल होण्याचा धोका मात्र घटतो. धडधाकट पंचविशीतल्या मुलाला त्याचा लाभ थोडा, त्याच्या आजीला कितीतरी जास्त.

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले. चाकरमानी येण्याच्या दोन आठवडे आधी घरातल्या थोरांचा डोस झाला, तर प्रतिकारशक्ती तोवर वाढलेली असे. नुकताच कोविड होऊन गेलेल्यांना मात्र बरे झाल्यावर तीन महिने थांबण्याची सूचना होती.