मलम मुरते किती?

भाईंदर पश्चिमेची मोरवा, राई, मुर्धा ही गावे मिठागरांच्या कडेची. खाऱ्या पाण्याने भेगाळलेल्या तळपायाला मलम चोळले, तर त्यातले आत किती जाते?

१९६७ साली फेल्डमन व मायबाख यांनी ते मोजले. किरणोत्सारी कार्बन असलेले हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्यांनी माणसांच्या कातडीवर लावले आणि नंतर काही दिवस लघवीतला किरणोत्सार मोजला. कोपराखालच्या हातातून जेमतेम १ टक्का औषध शिरले होते. तळपायातून त्याच्या सातवा हिस्सा, जबड्यावरून मात्र १३ पट! पायाचे स्टेरॉइड मलम चेहऱ्याला फासणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

औषध अडवतो तो वरचा मृत पेशींचा थर. हातावर तो मिलिमीटरचा पन्नासावा भागही नसतो, तळव्याला पुष्कळ जाड. भेगेत मात्र तो तुटलेलाच असतो. तिथे वरचा हिशेब चालत नाही.